गाळलेला शब्द

मार्च लागला की आमच्या घरातले आवाज आपोआप खाली येतात. यंदा नातीची दहावी आहे. टीव्हीवर जुनी चादर टाकली आहे, सून कपाटाचं दार बंद करते तेही अंगठ्याने दाबून, आणि मला खोकला आला तर मी उशीत तोंड घालून खोकते. बदलापुरात आता शिरगावच्या बाजूला इमारतींवर इमारती उठल्या आहेत. त्यांच्या मधून कुठून तरी अजूनही सावरीचा कापूस उडत येतो आणि नातीच्या वहीवर बसतो. ती फुंकर मारते आणि पुन्हा प्रमेय घोकायला लागते.

अभ्यासाला बसण्याआधी ती प्रभूची प्रार्थना म्हणते. आम्हां ख्रिस्ती घरांत मूल बोलायला लागलं की ‘आई’ आणि ‘पाणी’ यांच्या पाठोपाठ ही प्रार्थना शिकवतात. म्हणते म्हणजे काय, उरकते. पण एका ओळीशी हटकून थांबते आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावते. ‘आम्हांस परीक्षेत आणू नको.’ “आजी, ही ओळ खास माझ्यासाठी आहे बघ,” म्हणते. मार्च महिन्यात हा विनोद केला नाही असं एकही पोर मराठी ख्रिस्ती घरात सापडायचं नाही. ज्या कुणी जुन्या माणसांनी ही प्रार्थना मराठीत आणली त्यांना ‘मोह’ म्हणता आलं असतं, ‘भुरळ’ म्हणता आलं असतं. त्यांनी ‘परीक्षा’ म्हटलं. अर्थाला धरूनच असेल, मी काही पंडित नाही. पण त्या एका शब्दाने माझा जन्म पोखरला.

नातीबरोबर मी हसते. प्रार्थना मात्र तिच्याबरोबर म्हणताना त्या ओळीला माझे ओठ थांबतात. चर्चमध्येही थांबतात. दीडदोनशे माणसं एका सुरात म्हणत असताना एका म्हातारीचं तोंड बंद राहिलं तर कुणाला कळणार आहे? ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि त्याचं नि माझं त्यावरून फार जुनं वाकडं आहे.

तेव्हा आम्ही अंबरनाथ पश्चिमेला एका चाळीत राहत होतो. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. माझे बाबा नगरकडून कारखान्यात फिटर म्हणून आले आणि त्यांच्या मागोमाग आमच्यातली आणखी सात-आठ घरं आली. चर्चची इमारत नव्हती. रविवारी प्राथमिक शाळेची एक खोली उघडून मिळायची. फळ्यावर शनिवारचे पाढे तसेच असायचे, आणि त्यांच्याखाली उभे राहून पाळकसाहेब उपदेश करायचे. ते कल्याणहून सायकलवर यायचे, घामाने भिजलेला कोट खुर्चीच्या पाठीवर वाळत घालायचे आणि मग प्रार्थनेला सुरुवात करायचे. खडूची पूड, पेन्सिलींना टोक केल्याचे कपटे, खिडकीबाहेर आंब्याच्या बाळकैऱ्या. देव म्हटला की माझ्या नाकात अजून खडूच येतो. देव आणि मास्तर यांची माझ्या डोक्यात जी गल्लत झाली तिला ती खोलीही थोडी जबाबदार आहे.

आम्हां मुलांचा संडे स्कूलचा वर्ग सगुणामावशी घ्यायची. सख्खी मावशी नव्हे, शेजारच्या खोलीत राहणारी माझ्या आईची मैत्रीण. उंच, काटकुळी, आणि बोलायला लागली की शब्दावर शब्द चढवणारी. तिची प्रार्थना ऐकली की वाटायचं, बाई चुलीवर दूध ठेवून आली आहे. लग्नानंतर नवव्या वर्षी तिला मुलगी झाली. मागून मागून, उपास करकरून मिळालेली, म्हणून नाव करुणा. त्या वर्षी करुणा सहा वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेली, आणि माझ्या फ्रॉकचं टोक धरल्याशिवाय तिला चालता येत नसे.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही लेंट पाळतो. घरात गोडधोड नाही, लग्नकार्य नाही. याच दिवसांत शाळेची वार्षिक परीक्षा यायची आणि तिच्या मागेपुढे आमची शास्त्राची परीक्षा. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक पुस्तक नेमून दिलेलं असे, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पेपर लिहायचा, पाळकसाहेबच तो तपासायचे आणि ईस्टरला बक्षीस. मी तेरा वर्षांची होते. पाठांतरात माझा हात धरणारं कुणी नव्हतं आणि ते मला चांगलंच ठाऊक होतं. शिष्ट कार्टी, असं आज मला कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

करुणेला परीक्षा म्हणजे सण वाटायचा. शाईच्या वड्या पाण्यात विरघळवणं, टाकाचं नवं निब जिभेवर लावून बघणं, गुलाबी टिपकागद. बुवापाड्याहून दूध घालायला येणारी पारूकाकी परीक्षेच्या सकाळी माझ्या तळहातावर दही ठेवायची. माझी आई आधी बिचकली, मग म्हणाली, दह्याला कुठला धर्म. करुणाही हात पुढे करायची. “तुजी कुठं परीक्षा गं?” पारूकाकी हसायची, आणि तिलाही बोटभर चाटवायची.

त्या लेंटमध्ये बाबा आम्हां दोघींना कॅम्पात घेऊन गेले. उल्हासनगरला तेव्हा सगळे कॅम्पच म्हणत. लष्कराच्या जुन्या बराकींत सिंधी माणसं राहत होती. एक म्हातारे गृहस्थ खाटेवर पाट्या, पेन्सिली, दौती मांडून बसले होते. करुणेने पाटी उराशी धरली ती सोडेना. “इम्तिहान है क्या बेटी? साईं सबको पास करेगा,” ते म्हणाले. बाबांनी सहज विचारलं, “आपके बच्चे?” त्या गृहस्थांनी पाटीवरची धूळ आपल्या बाहीने पुसली आणि पाटी करुणेच्या हातात परत दिली. त्यांच्या साईंनं, म्हणजे देवानं, त्यांची कसली परीक्षा पाहिली होती ते आम्हांला कळलं नाही.

घरी आल्यावर करुणा हट्टाला पेटली. मलाही शास्त्राच्या परीक्षेला बसायचंय. रडून रडून तिने माझा अभ्यास बुडवला. मी वैतागले आणि तिला गप्प करायला म्हणाले, “अगं, तू रोज देवाला काय म्हणतेस? परीक्षेत आणू नको. मग तो तुला कसा बसवेल? उद्यापासून ‘नको’ म्हणायचं नाही. ‘आम्हांस परीक्षेत आण’ म्हणायचं.” ती डोळे पुसून बघत राहिली. “मग आणेल?” “आणेल की.” “कुणाला सांगायचं नाही?” “कुणाला सांगायचं नाही.” मला पुस्तक मिटायचं नव्हतं, एवढंच.

पुढच्या रविवारी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणत होते. त्या ओळीला अर्धा श्वास थांबून करुणेचा आवाज खणखणीत आला. “आम्हांस परीक्षेत आण!” सगळी खोली हसली. माझे बाबा हसले, सगुणामावशी तोंडाला पदर लावून हसली. पाळकसाहेबांनीही हसू आवरलं आणि म्हणाले, “हसू नका मंडळी. लेकरांची मागणी देवाच्या कानी सगळ्यांत आधी पोचते.” भला माणूस होता तो. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही राहिलं नसेल. करुणा माझ्याकडे बघून दात पडलेलं हसली. मी मान खाली घातली.

बारा-तेरा दिवसांनी तिचा घसा बसला. आधी वाटलं, कैऱ्या खाल्ल्या. मग ताप, मग मान सुजली. घटसर्प. कल्याणला नेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आणलं ते चादरीत गुंडाळून.

घटसर्पाने तेव्हा घरोघरची मुलं जात. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हाही बाबांनी सांगितलं होतं. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती, की मागणी मी लिहून दिली आणि वरून मंजूर झाली. आणि दफनाच्या वेळी पाळकसाहेब कबरीपाशी उभे राहून काय म्हणाले? “प्रभूने आपल्या बहिणीची परीक्षा पाहिली आहे.” दुसरा शब्द नव्हता का या भाषेत?

पारूकाकी चार दिवस रोज दुधाबरोबर भाकरी आणायची. सगुणामावशीच्या पुढ्यात बसून तिने आपल्या परीने समजूत घातली. “आमच्या शंकरानं पन असंच केलं व्हतं गं बाय. गोसावी बनून आला नि मायबापाला पोर कांडाया लावला. देवाची जातच तशी. पन सेवटी हाक मार म्हनला, नि पोर जिता धावत आला. तू पन मार ना हाक.”

सगुणामावशी कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, “आमच्यात फक्त त्याचा स्वतःचा मुलगा उठतो, पारूबाई. तोही तिसऱ्या दिवशी. बाकीच्या आयांना तो सांगतो, शेवटच्या दिवसापर्यंत थांबा.”

माझी आई दचकून दाराकडे बघायला लागली, कुणी ऐकलं तर नाही. मला मात्र वाटलं, हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

त्या वर्षी नेमून दिलेलं पुस्तक होतं त्या नीतिमान माणसाचं, ज्याचं सगळं काही देवाने सैतानाच्या हवाली केलं. देव आणि सैतान यांची वर बोलाचाली झाली. हा माणूस सुखात आहे म्हणून तुला भजतो, काढून घे मग बघ, असं सैतान म्हणाला, आणि देव म्हणाला, बघ जा. गुरं गेली, मेंढरं गेली, आणि घर कोसळून एका दिवशी दहा मुलं मेली. त्या माणसाचं नाव आमच्यात सगळ्यांना पाठ आहे, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. दहा वेळा बाळंत झालेल्या त्याच्या बायकोचं नाव शास्त्राने लिहिलेलं नाही. तिच्या तोंडी एकच वाक्य दिलं आहे, रागाचं, आणि त्यासाठी तिला मूर्ख म्हटलं आहे.

सगुणामावशीने वर्ग बंद केला नाही. आईने, पाळकसाहेबांनी सांगून बघितलं. “घरात बसून काय करू?” म्हणायची. पण तिचं बोलणं बदललं होतं. एकेक शब्द सुटा, जमिनीवर ठेवल्यासारखा. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दुपारी मी शंका विचारण्याच्या निमित्ताने तिच्याकडे गेले. ऊन कौलांतून गळत होतं. ती तांदूळ निवडत होती. कॅम्पातून आणलेली करुणेची पाटी भिंतीला टेकून तशीच होती.

“लीला, तुझं डोकं चालतं म्हणून विचारते,” ती म्हणाली. “शेवटी देवानं त्याला दहा मुलं दिली असं आपण वर्गात सांगतो. ती दुसरी दहा. पहिल्या दहांचं काय? ती कुणाच्या परीक्षेत मेली?”

मी पुस्तकाचं पान उलटलं.

“आणि आमच्या करुणेनं तर तोंडानं मागितलं. हसलो की गं आपण सगळे. आता मी बसून विचार करते. त्यानं ऐकलं असेल तर तो कसला देव? सहा वर्षांच्या पोरीचा शब्द धरतो? आणि ऐकलंच नसेल, तर नऊ वर्षं मी कुणाशी बोलत होते?”

तांदळातला खडा तिने उचलला आणि पुष्कळ वेळ चिमटीत धरून ठेवला.

“चूक माझीच आहे. मी मेली सगळं घाईघाईत म्हणते. रोज तिच्याकडून म्हणवून घेताना मी ‘नको’ गिळत असेन. पोरीला ऐकूच गेलं नसेल. तिला वाटलं, आण असंच आहे. मी सावकाश शिकवलं असतं तर?”

इथेच. या जागी मला एक वाक्य बोलायचं होतं. ‘मावशी, तू नीट शिकवलं होतंस. नको मी काढायला लावलं.’ एवढंच. ती मला मारती का? बहुधा नाही. रडली असती, कदाचित माझं तोंड बघितलं नसतं. पण तिच्या छातीवरचा धोंडा निघाला असता, आणि त्या बदल्यात माझ्यावर जो यायचा तो माझाच होता. मी काय केलं? तिच्या हातातलं सूप घेतलं आणि तांदूळ पाखडत बसले. मायेने करते आहे असं तिला वाटलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी पेपरात शेवटचा प्रश्न होता: देव आपल्या माणसांची परीक्षा का पाहतो? मी टाक शाईत बुडवला आणि पाठ होतं ते सगळं लिहिलं. सोनं आगीत शुद्ध होतं. ज्याच्यावर प्रीती त्यालाच शिक्षा. भट्टी, कुंभार, माळी, फांद्या छाटणं. लिहिताना यातल्या एकाही अक्षरावर माझा विश्वास नव्हता. मला राग आला होता, भीती वाटत होती, आणि तरी पहिला नंबर हवा होता. तिन्ही एकदम असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिला नंबर आला. ईस्टरच्या सकाळी, ‘प्रभू उठला आहे’ असं सगळे एकमेकांना सांगत असताना, पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं आणि तेच उत्तर मोठ्याने वाचायला लावलं. दुःखात असलेल्यांना या बालिकेच्या लेखणीतून सांत्वन मिळेल, असं ते म्हणाले. मी वाचलं. सगुणामावशी दुसऱ्या बाकावर बसली होती. माझे बाबा अभिमानाने तिच्याकडे, माझ्याकडे बघत होते. वाचून झाल्यावर ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “छान लिहिलंस गं.” टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी वाचले असते.

पाऊस संपता संपता ती दोघं नवरा-बायको नगरला परत गेली. तिकडच्या चर्चमध्ये ती जाते, पण वर्ग घेत नाही, असं पत्रातून कळलं.

पुढे मी देवावर खटलाच उभा केला. मोठी झाले, शास्त्र बारकाईने वाचू लागले आणि एकेक पुरावा जमवत गेले. बापाला पोटचा मुलगा वेदीवर बांधायला लावणं. एका राजाच्या हट्टापायी देशभरची पहिली लेकरं मारणं. पुरात बुडालेल्या पाळण्यांबद्दल कुणी बोलत नाही, सगळे तारवातल्या जनावरांबद्दल बोलतात. नवे पाळक आले की मी त्यांना गाठायची. बिचारे चहा अर्धा टाकून उठायचे. आमचे हे म्हणायचे, “वकिलीणबाई, समोरचा कधी कोर्टात येत नाही, तुम्ही आपल्या तारखा पाडत बसा.” ख्रिस्तावर माझं प्रेम आहे, ते कधी आटलं नाही. क्रुसावर ‘मला का सोडलंस’ असं ओरडला तो मला आपल्यातला वाटतो. माझं भांडण त्याला सोडणाऱ्याशी आहे. कुणी याला पाखंड म्हणेल. म्हणो बापडे.

पण म्हातारपणी त्या नीतिमान माणसाचं पुस्तक पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली आणि माझी वकिली संपली. शेवटी देव वादळातून त्याच्याशी बोलतो. खूप बोलतो. समुद्र, तारे, रानगाढवं, शहामृग, सगळं सांगतो. फक्त एक सांगत नाही. वर सैतानाशी काय बोलणं झालं होतं ते. तो माणूस मरेपर्यंत आपलं काय चुकलं याचा विचार करत राहिला असेल, आणि ज्याला ठाऊक होतं तो गप्प राहिला. देवावर माझा सगळ्यांत मोठा आरोप हाच होता, की सगळं ठाऊक असून एका शब्दाने माणसाला सोडवता येत असताना तो बोलत नाही. पुस्तक मांडीवर उघडं होतं, आणि मला तांदूळ पाखडणारे माझे हात दिसले.

त्याच्याकडे निदान कारण असेल, मला न कळणारं. माझ्याकडे काय होतं? शिष्टपणा आणि पहिला नंबर.

आणि संधी मिळाली नाही असंही म्हणता येत नाही. माझं लग्न झालं त्या उन्हाळ्यात सगुणामावशी नगरहून आली होती. मी एकोणीस वर्षांची. अंबरनाथच्या त्याच खोलीत, फळा पांढऱ्या चादरीने झाकून, लग्न लागलं. ती बरीच वाळली होती, केस पांढरे झाले होते. मंडळी जेवायला बसली तेव्हा ती मला ओट्यावर बाजूला घेऊन गेली. आम्ही दोघीच होतो. कुणी येत नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिने माझी हनुवटी धरली. बोलताना मधे मधे थांबत होती, एकेक शब्द तोलून, आता तिची तीच सवय झाली होती.

“लीला, तुला लेकरं होतील. त्यांना प्रार्थना शिकवशील. सावकाश शिकव गं. प्रत्येक शब्द नीट ऐकू जाऊ दे. माझ्यासारखी घाई करू नकोस.”

“हो मावशी,” मी म्हणाले. “सावकाश शिकवीन.”